मलालाचे संयुक्त राष्ट्रांतील भाषण नेमके कोणाचे मन वळवते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलींच्या शिक्षणासाठी आवाज उठवणाऱ्या पाकिस्तानी मलाला युसूफझाईने १२ जुलै २०१३ रोजी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या युवा सभेत केलेले भाषण आपण अकरावीच्या वर्गाला शिकवता. विद्यार्थी त्यातील पुनरुक्ती, विरोध, तिहेरी रचना, भावनिक आवाहन ही तंत्रे बिनचूक ओळखतात. परंतु त्या तंत्राने श्रोत्याचे मन कसे वळते, असे विचारले की ‘प्रभाव पडतो’, ‘मनाला भिडते’ यापलीकडे उत्तर जात नाही. वक्तृत्व आणि वादविवाद शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे ही अडचण मला चांगली परिचित आहे. माझ्या मते दोष विद्यार्थ्यांच्या आकलनाचा नाही, शिकवण्याच्या क्रमाचा आहे. आपण त्यांना आधी तंत्र शोधायला लावतो आणि श्रोत्याचा विचार नंतर करतो, पुष्कळदा करतच नाही. ज्याचे मन वळवायचे तो माणूसच डोळ्यांसमोर नसेल, तर कोणत्याही तंत्राबद्दल ‘परिणामकारक’ यापेक्षा अधिक काय लिहिता येणार?

म्हणून पहिला प्रश्न श्रोत्यांचा. त्या दिवशी सभागृहात निरनिराळ्या देशांतून आलेले तरुण प्रतिनिधी होते, व्यासपीठावर सरचिटणीस बान की-मून आणि जागतिक शिक्षणासाठीचे विशेष दूत गॉर्डन ब्राउन होते. मुलींनी शिकू नये असे मानणारा एकही माणूस तेथे असण्याचा संभव नव्हता. सभागृहाचे मन आधीच वळलेले होते; त्याला फक्त टाळ्या वाजवायच्या होत्या. भाषणाचे खरे श्रोते त्या भिंतींच्या बाहेर होते. २०१२ मध्ये तालिबानांनी मलालावर केलेल्या हल्ल्यानंतर काही महिन्यांतच पाकिस्तानात ही मुलगी पाश्चात्त्यांच्या हातचे बाहुले आहे, हा सगळा बनाव आहे, अशा अफवांनी मूळ धरले होते. त्या अफवा ऐकून संभ्रमात पडलेला सामान्य पाकिस्तानी नागरिक हा एक श्रोता. तालिबानांचा समर्थक नसलेला, पण मुलीला शाळेत पाठवण्याबाबत मनात धाकधूक असलेला, मलालाच्याच पश्तून समाजातला बाप हा दुसरा. ज्यांच्या हाती निधी आणि धोरणे आहेत ती सरकारे तिसरी, आणि स्वतः तालिबान चौथे. ही चौथी गोष्ट कल्पनेतली नाही. भाषणानंतर आठवडाभरातच अदनान रशीद या तालिबान कमांडरने मलालाला उद्देशून एक लांबलचक पत्र प्रसिद्ध केले. हल्ला शिक्षणामुळे नव्हे तर तालिबानविरोधी प्रचारामुळे झाला, असा त्याचा दावा होता, आणि मायदेशी परत येऊन एखाद्या मदरशात दाखल हो, असा सल्लाही त्याने दिला. या पत्रावरून वादाची खरी जागा कळते. शिक्षण चांगले की वाईट यावर तो वाद नव्हता. ही मुलगी कोणाच्या बाजूची, यावर होता.

ही पार्श्वभूमी वर्गात दोन-चार वाक्यांत सांगितली तरी पुरे. वायव्य पाकिस्तानातील स्वातच्या खोऱ्यात, म्हणजे मलालाच्या प्रदेशात, तालिबानांचा म्होरक्या मौलाना फझलुल्लाह बेकायदा रेडिओवरून फर्माने सोडत होता. १५ जानेवारी २००९ नंतर मुलींच्या शाळा बंद राहतील असे जाहीर झाले होते. त्याच महिन्यात ‘गुल मकई’ या टोपणनावाने मलालाची रोजनिशी बीबीसी उर्दूवर येऊ लागली. आणि ९ ऑक्टोबर २०१२ रोजी स्वातमधील मिंगोरा शहरात शाळेच्या गाडीत शिरून तिच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. बर्मिंगहॅममधील उपचारांनंतर हे तिचे पहिले मोठे जाहीर भाषण, तेही तिच्या सोळाव्या वाढदिवशी. अशा वक्त्याच्या हाती जखमेने दिलेला मोठा अधिकार असतो, पण तो दुधारी असतो. जग हळहळते, आणि जग जितके अधिक हळहळते तितकी मायदेशात ती परकी ठरत जाते. आपल्या दुःखाचे भांडवल न करता त्या दुःखाने दिलेला अधिकार मात्र वापरायचा, ही तिची अडचण होती. भाषणातील जवळजवळ प्रत्येक तंत्र या एका अडचणीला दिलेले उत्तर आहे, असे मला वाटते.

आता ‘मी’ कसा हाताळला आहे ते पाहावे. सुरुवात ‘बिस्मिल्लाह’च्या आशयाने, म्हणजे परम दयाळू आणि कृपाळू ईश्वराच्या नावाने होते. सभागृहाच्या दृष्टीने हा एक धार्मिक उपचार असेल. पेशावरमधील दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र ते ओळखपत्र आहे. नंतर ती म्हणते की कोठून सुरुवात करावी हे आपल्याला कळत नाही, आपण काय बोलावे अशी लोकांची अपेक्षा आहे तेही ठाऊक नाही. वक्त्याचा हा विनय पुरातन आहे आणि आपल्याकडच्या सभांमध्ये तो इतका झिजला आहे की कोणी लक्षही देत नाही. येथे तो खपतो, कारण बोलणारी सोळा वर्षांची आहे आणि ‘बऱ्याच काळानंतर पुन्हा बोलते आहे’ हे तिचे वाक्य शब्दशः खरे आहे. आभार मानताना रुग्णालयांच्या उल्लेखात ती पाकिस्तानचे नाव ब्रिटनच्या आधी घेते. अंगावर बेनझीर भुट्टो यांची शाल आहे, हेही ती स्वतःच सांगते. २००७ मध्ये मारल्या गेलेल्या आपल्याच माजी पंतप्रधान स्त्रीची शाल पांघरून आलेल्या मुलीला ‘बाहेरची’ म्हणणे एवढे सोपे राहत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी त्या दिवसाला ‘मलाला दिवस’ असे नाव दिले होते; ती सांगते की हा माझा दिवस नाही. हक्कासाठी आवाज उठवणाऱ्या प्रत्येक स्त्रीचा, प्रत्येक मुलाचा आणि मुलीचा तो दिवस आहे. दहशतवाद्यांनी हजारो माणसे मारली, लाखोंना जखमी केले, मी त्यांतली केवळ एक. मी बोलते ती स्वतःसाठी नव्हे. आवाज उंचावते तो ओरडण्यासाठी नव्हे, तर ज्यांना आवाज नाही त्यांचे म्हणणे ऐकले जावे यासाठी. एवढे सगळे झाल्यावर, आणि त्यानंतरच, ९ ऑक्टोबरची तारीख येते. विद्यार्थ्यांना हा क्रम उलटा करून पाहायला सांगावे. गोळीबाराने सुरुवात केली असती तर भाषण अधिक सनसनाटी झाले असते, पण ते एका मुलीची कहाणी होऊन बसले असते. ज्या क्रमाने ती बोलते, त्या क्रमात गोळी लागेपर्यंत ‘मी’ अनेकांत विरघळलेली असते. गोळीबाराच्या वाक्याला लागूनच ‘माझ्या मैत्रिणींवरही गोळ्या झाडल्या’ असे वाक्य आहे, आणि ‘गोळ्या आम्हाला गप्प करतील असे त्यांना वाटले’ यात ‘मला’ नाही, ‘आम्हाला’ आहे. पुढचे वाक्य अगदी तुटक: पण ते अपयशी ठरले. मागच्या वाक्यांच्या मानाने ते इतके लहान आहे की वक्त्याला थांबावेच लागते, आणि त्या थांबण्यात श्रोता स्वतःहून पुढे येतो. त्यानंतर दुर्बलता, भीती आणि निराशा मेली. सामर्थ्य, शक्ती आणि धैर्य जन्मले, हा मृत्यू-जन्माचा विरोध. हे वाढदिवशी बोलले गेले आहे, ही गोष्ट उत्तरांमध्ये जवळजवळ कोणीच लिहीत नाही.

या भाषणातील सर्वांत विचारपूर्वक बांधलेला परिच्छेद माझ्या मते क्षमेचा आहे, आणि वर्गातील निम्मा वेळ त्यावर घालवला तरी तो वाया जाणार नाही. मी कोणाच्याही विरुद्ध नाही, सूड घेण्यासाठी आलेले नाही, तालिबानांच्या मुलामुलींनाही शिक्षण मिळावे असे मला वाटते. माझ्या हातात बंदूक असली आणि ज्याने गोळी झाडली तो समोर उभा असला, तरी मी त्याला गोळी घालणार नाही, असे ती म्हणते. यानंतर नऊ नावे येतात, तीन-तीनांच्या तीन गटांत. करुणा शिकले ती प्रेषित मुहम्मद, येशू ख्रिस्त आणि भगवान बुद्ध यांच्याकडून. परिवर्तनाचा वारसा मिळाला तो मार्टिन ल्युथर किंग, नेल्सन मंडेला आणि मुहम्मद अली जिना यांच्याकडून. अहिंसेचे तत्त्वज्ञान घेतले ते गांधीजी, बाचा खान आणि मदर तेरेसा यांच्याकडून. विद्यार्थी येथे ‘त्रिक’ असे लिहून पुढे जातात. त्यांना प्रत्येक त्रिकात कोणते नाव कोणासाठी आहे, असे विचारावे. पहिल्या गटात प्रेषित सर्वांत आधी आहेत, आणि ‘करुणेचे प्रेषित’ या विशेषणासह. बुद्धाचे नाव जगासाठी आहेच, पण स्वातची भूमी ही प्राचीन बौद्ध भूमी आहे आणि २००७ मध्ये त्याच खोऱ्यातील जहानाबाद येथील कातळात कोरलेल्या बुद्धमूर्तीचा चेहरा अतिरेक्यांनी सुरुंगाने उडवला होता. स्वातच्या माणसाला हे नाव ऐकताना तो प्रसंग आठवल्यावाचून राहणार नाही. दुसऱ्या गटात किंग आणि मंडेला यांच्या शेजारी जिनांना बसवले आहे. आपल्याकडच्या वाचकाला ते खटकू शकते, परंतु हे वाक्य आपल्यासाठी नाहीच. ते कराची आणि लाहोरसाठी आहे.

तिसऱ्या गटातील बाचा खान हे या भाषणातील सर्वांत मोलाचे नाव. सरहद्द गांधी म्हणून मराठी वाचक ज्यांना ओळखतो त्या खान अब्दुल गफार खान यांनी पश्तून समाजातून खुदाई खिदमतगारांची निःशस्त्र फौज उभी केली आणि गावोगाव शाळा काढण्यासाठी धडपड केली. तालिबानांचे म्हणणे असे की पश्तून रीत आणि धर्म आमच्याबरोबर आहेत. मलाला या एका नावाने दाखवून देते की अहिंसा आणि शाळा ही बाहेरून आणलेली वस्तू नसून पश्तूनांच्याच घरातली ठेव आहे. त्यासाठी ती युक्तिवाद मांडत नाही, फक्त नाव उच्चारते, आणि ज्या श्रोत्याला ते नाव ठाऊक आहे तो उरलेला युक्तिवाद स्वतः पूर्ण करतो. श्रोत्याने स्वतः पूर्ण केलेला विचार त्याला परका वाटत नाही. शेवटी या नऊ महान व्यक्तींनंतर ती म्हणते की क्षमा मात्र मी आईवडिलांकडून शिकले. आपल्या अलंकारशास्त्रातील ‘सार’ अलंकारात चढत जाऊन शिखर गाठायचे असते. येथे शिखरावरून सरळ घरात उतरले आहे. जाता जाता एक निरीक्षण: स्त्रियांच्या हक्कांवरील या भाषणात नऊ नावांत स्त्री एकच आहे. आईचा उल्लेख ती त्रुटी थोडीफार भरून काढतो. त्या आईची शाळा लहानपणीच सुटली होती, हे लक्षात घेतले तर बरीचशी.

तर्काच्या बाजूबद्दल बहुतेक उत्तरे ‘या भाषणात तर्क कमी, भावना अधिक’ असा निर्वाळा देऊन मोकळी होतात. आकडेवारी जवळजवळ नाही हे खरे आहे, पण आकडेवारी म्हणजे तर्क नव्हे. अंधार पाहिल्यावर प्रकाशाचे मोल कळते, गप्प केले गेल्यावर आवाजाचे मोल कळते, तसेच बंदुका पाहिल्यावर आम्हाला लेखणी आणि पुस्तकांचे मोल कळले, हा परिच्छेद पाहावा. पहिली दोन विधाने कोणालाही मान्य असलेली, अगदी सुभाषितासारखी. तिसरे विधान स्वातपुरते आणि वादग्रस्त. पहिल्या दोहोंना मान डोलावलेला श्रोता तिसऱ्यापाशी मान हलवायची थांबवत नाही. हा दृष्टांताच्या वेषातला अनुमानाचा प्रकार आहे आणि त्याला तर्काच्या खात्यात घालायला हवे. त्यानंतर येतो शाळेतल्या मुलाचा किस्सा. तालिबान शिक्षणाच्या विरुद्ध का आहेत, असे एका पत्रकाराने विचारले तेव्हा मुलगा पुस्तकाकडे बोट दाखवून म्हणाला की यात काय लिहिले आहे ते तालिबाला ठाऊक नाही. टीका मुलाच्या तोंडी घातल्यामुळे तिची धार लपते, आणि त्याच ओघात मलाला पुढचे धाडसी वाक्य बोलून जाते: शाळेत गेल्या म्हणून मुलींना नरकात धाडणारा असा कोणी इवलासा, कोत्या मनाचा देव आहे, असे यांना वाटते. उपरोध इतका उघड असूनही तो धर्माला न लागता धर्माच्या ठेकेदारांना लागतो.

लगेच पुढे एक वळण आहे, जे सहज निसटते. शिक्षण हा प्रत्येक बालकाचा हक्क आहे एवढेच इस्लाम सांगत नाही, ते त्याचे कर्तव्य आणि जबाबदारी आहे असे सांगतो, असे ती म्हणते. संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत हक्काची भाषा चालते. पश्तून बापापुढे मात्र ‘माझा हक्क’ म्हणणारी मुलगी उद्धट ठरण्याची भीती असते. ‘माझे कर्तव्य’ म्हणणाऱ्या मुलीला अडवायचे तर बापालाच उत्तर द्यावे लागते. एकाच वाक्यात दोन श्रोते सांभाळण्याचे इतके नेटके उदाहरण मला क्वचितच सापडले आहे.

भाषणात कच्च्या जागाही आहेत, आणि त्या वर्गात मोकळेपणाने दाखवाव्यात, अन्यथा रसग्रहणाचे स्तुतिस्तोत्र होते. पुस्तक-लेखणीला आणि स्त्रियांच्या आवाजाला ‘ते’ घाबरतात, म्हणूनच ‘त्यांनी’ क्वेट्टा येथे चौदा विद्यार्थिनींना मारले, म्हणूनच शिक्षिकांना आणि पोलिओ लसीकरणाच्या कार्यकर्त्यांना मारले, ही पुनरावृत्ती जबरदस्त आहे. पण तिच्यातला ‘ते’ कोण? क्वेट्टाचा १५ जून २०१३ चा हल्ला महिला विद्यापीठाच्या बसवर झाला होता आणि त्याची जबाबदारी लष्कर-ए-झांगवी या वेगळ्या संघटनेने घेतली होती. पुनरावृत्तीच्या लयीत निरनिराळे हल्लेखोर आणि निरनिराळी कारणे एकाच सर्वनामात कोंबली जातात. वक्तृत्वाची ताकद आणि धोका दोन्ही येथे एकत्र दिसतात. दुसरी कच्ची जागा ‘आम्ही आवाहन करतो’ या मालिकेची. जागतिक नेत्यांना, सर्व सरकारांना, विकसित देशांना, सर्व समाजांना अशी ओळीने आवाहने येतात आणि त्यांतले जवळजवळ कोणतेही, कधीपर्यंत, किती आणि कोणी, हे सांगत नाही. तीच ठेवण चार-पाच वेळा आली की कान तिची सवय करून घेतो. अपवाद एकच: आपल्यापैकी निम्म्यांना मागे रोखले तर आपण सारे यशस्वी होऊ शकत नाही, हे वाक्य. तेथे पुन्हा हिशेब आहे, म्हणून ते लक्षात राहते.

भारतातील गरीब मुले बालमजुरीची बळी आहेत, या तिच्या वाक्यावर आपल्याकडचे विद्यार्थी कधी कधी नाराज होतात, असा माझा अनुभव आहे. त्यांना त्याआधीचे वाक्य दाखवावे. दहशतवाद आणि युद्धे मुलांना शाळेपासून रोखतात, विशेषतः पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात, असे ती आधी सांगते आणि मगच भारत आणि नायजेरियाकडे वळते. आपले घर आधी झाडणाऱ्याला शेजारच्या अंगणाबद्दल बोलण्याचा अधिकार मिळतो, आणि तो तिने रीतसर मिळवलेला आहे.

मराठी वर्गात या भाषणाशेजारी ठेवण्यासारखे एक लेखन आपल्याकडे आहे: जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध, जो १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तो निबंध आहे, भाषण नव्हे. पण त्याची घडण बोलल्यासारखी, थेट संबोधनाची आहे. मुक्ताचे मुख्य अस्त्र तर्काचे आहे. वेदांवर केवळ ब्राह्मणांचाच अधिकार असेल तर आम्हाला धर्मग्रंथच नाही, आणि ग्रंथ नाही तर धर्म कोणता, असा पेच ती टाकते, आणि उत्तर ईश्वराकडेच मागते. मलाला विरोधकाचा धर्म त्याच्याकडून काढून घेते आणि हा माझाही आहे असे म्हणते. मुक्ता विचारते, मग आमचा कोणता? दोघींच्या पाठीशी शिक्षक असलेली वडीलधारी माणसे होती, आणि या मुलींना हे कोणी शिकवले असा संशय अशा वेळी हटकून घेतला जातो. शिकवले असेलच, शाळा त्याचसाठी असते.

सादरीकरणाबद्दल थोडेच सांगतो. ‘प्रिय बंधूंनो आणि भगिनींनो’ हे संबोधन भाषणात पुन्हा पुन्हा येते आणि जवळजवळ प्रत्येक वेळी विषयाचा नवा टप्पा सुरू करते; ऐकणाऱ्याला परिच्छेद दिसत नसतात, ते काम या संबोधनाने केले आहे. आवाज सबंध भाषणभर मोजका आहे. आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत हेच भाषण मुठी आवळून, शिरा ताणून म्हटलेले मी पुष्कळदा ऐकले आहे, आणि ‘ओरडण्यासाठी नव्हे’ हे वाक्यसुद्धा ओरडून म्हटले जाते. परीक्षकाच्या खुर्चीत बसून अशा वेळी चेहरा गंभीर ठेवणे कठीण जाते.

वर्गासाठी माझी सूचना अशी की विद्यार्थ्यांना तंत्राचे नाव लिहू देण्याआधी ते वाक्य भाषणातून काढून टाकायला सांगावे आणि त्यामुळे कोणता श्रोता हातचा गेला, हे एका ओळीत लिहून घ्यावे. बाचा खान काढले तर पश्तून गेला. कर्तव्याचे वाक्य काढले तर बाप गेला. शाल आणि जिना काढले तर संशयी पाकिस्तानी गेला. ज्या वाक्याच्या जाण्याने कोणीच जात नाही, ते केवळ सजावटीचे होते असे बेलाशक लिहू द्यावे. समारोपावर हा प्रयोग अवश्य करावा. एक मूल, एक शिक्षक, एक लेखणी आणि एक पुस्तक जग बदलू शकते, या वाक्याच्या साधेपणाचे कौतुक सर्व जण करतात. त्यापुढचे ‘शिक्षण प्रथम’ हे शेवटचे दोन शब्द मात्र घोषणा समजून सोडून देतात. सप्टेंबर २०१२ मध्ये बान की-मून यांनी सुरू केलेल्या जागतिक उपक्रमाचे नाव ‘ग्लोबल एज्युकेशन फर्स्ट इनिशिएटिव्ह’ असे होते. यजमानाचेच शब्द यजमानाच्या समोर, त्याच्याच सभागृहात, भाषणाची अखेर म्हणून उच्चारले गेले आहेत; ते काढले तर सरकारे आणि संयुक्त राष्ट्रे हा तिसरा श्रोता सुटतो.

वेळ उरला तर १० डिसेंबर २०१४ चे ऑस्लो येथील तिचे नोबेल भाषण जोडीला घ्यावे. तो पुरस्कार तिला आणि कैलाश सत्यार्थी यांना मिळून देण्यात आला होता. मागण्यांचा जो ढिलेपणा वर दाखवला, तो तेथे बराच गेलेला दिसतो. नेत्यांची स्वतःची मुले बीजगणित, गणित, विज्ञान आणि भौतिकशास्त्राचा गृहपाठ करतात, मग विकसनशील देशांतील मुलांना नुसती अक्षरओळख पुरे असे हेच नेते कसे मानतात, असे ती तेथे विचारते. सतरा महिन्यांत आवाहनाचा प्रश्न झाला आहे, आणि तो प्रश्न असा आहे की त्याला उत्तर देणाऱ्याला आधी आपल्या घरातील अभ्यासाच्या टेबलाकडे पाहावे लागते. दोन्ही उतारे समोरासमोर ठेवून त्यांतला फरक कशात आहे, एवढाच प्रश्न परीक्षेत विचारला, तर ‘मनाला भिडते’ हे उत्तर लिहायला विद्यार्थ्यांना जागाच उरणार नाही.